हौशी सुतारकाम : कोणते हत्यार बदलावे आणि कशासाठी

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गोदावरीच्या दक्षिण तीरावर असलेले विष्णुपुरी आज मुख्यतः शिक्षणसंस्थांचे गाव म्हणून ओळखले जाते. १९८१ मध्ये येथे श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली, पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही येथे आले, आणि या संस्थांच्या आधाराने प्राध्यापक, अभियंते, डॉक्टर, निवृत्त अधिकारी यांच्या वसाहती आसपास वाढल्या. छंद म्हणून सुतारकाम करणारा माणूस बहुधा अशाच वसाहतीतला असतो. लाकडावर त्याचे पोट अवलंबून नसते, पोर्चमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत त्याला थोडी जागा मिळते, आणि अभियांत्रिकी शिकलेला असेल तर पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये, दोन लाकडे निम्म्या जाडीपर्यंत कापून एकमेकांत बसवण्याचा जोड करताना, पटाशी आणि करवत यांच्याशी त्याची एकदा ओळखही झालेली असते. ती ओळख निवृत्तीच्या आसपास पुन्हा जागी होते, एखादा स्टूल किंवा देवघराचा चौरंग तयार होतो, आणि मग प्रश्न उभा राहतो तो पुढच्या हत्याराचा.

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण त्याचे तयार उत्तर देणारे सगळे लोक दुसऱ्याच कामासाठी हत्यारे वापरणारे असतात. व्यावसायिक सुताराचा हिशेब वेळेचा असतो; एका दिवसाचे काम अर्ध्या दिवसात उरकणारे यंत्र त्याला मजुरीतून आपली किंमत परत मिळवून देते, म्हणून त्याने ते घेणे शहाणपणाचे ठरते. हौशी माणसाचा वाचलेला वेळ कोठेही जमा होत नाही. ज्या तासाभरात त्याला रमायचे असते तोच तास यंत्राने दहा मिनिटांवर आणला, तर त्याच्या पदरात नेमके काय पडले हे सांगणे कठीण जाते. म्हणून हौशी कारखान्यात हत्यार बदलण्याला दोनच सबळ कारणे उरतात: जे काम हाताने नीट होतच नाही ते व्हावे, किंवा ज्या कष्टाला कंटाळून माणूस छंदच सोडून देईल तो कष्ट कमी व्हावा. या दोहोंपैकी एकही कारण लागू नसेल तर नवे हत्यार ही खरेदीची हौस होय. ती वाईट नव्हे, पण तिला सुतारकामातली प्रगती समजण्याचे कारण नाही.

दुसरी अडचण बाजाराची आहे. नांदेड किंवा लातूरच्या हार्डवेअरच्या दुकानांत आज जी विजेची हत्यारे सहज मिळतात ती प्लायवूड, एमडीएफ आणि मायका यांवर काम करणाऱ्या फर्निचरच्या ठेकेदारांसाठी ठेवलेली असतात, कारण गिऱ्हाईक त्यांचेच असते. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवून केलेला तक्ता. तो आधीच सपाट असतो, त्याची जाडी ठरलेली असते आणि हवामानाने तो फारसा फुगत-आकसत नाही; त्यामुळे त्यावर काम करणाऱ्याला रंधा जवळजवळ लागत नाही, लागते ते फक्त कापणारे, भोक पाडणारे आणि मायकाची कड साफ करणारे यंत्र. हौशी माणूस या सुताराकडे पाहून खरेदी करतो आणि नंतर अस्सल लाकडाची वाकडी फळी समोर आली की त्याच्या लक्षात येते की चार यंत्रे जवळ असूनही फळी सपाट करण्याचे साधन आपल्यापाशी नाही. हत्यारांच्या क्रमाचा विचार त्यामुळे कॅटलॉगपासून सुरू न करता लाकडापासून सुरू करणे इष्ट ठरते.

मराठवाड्यातले लाकूड

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट तालुक्यात सागाची जंगले आहेत, आणि त्यापलीकडे चंद्रपूर-गडचिरोलीचा प्रसिद्ध सागवानाचा पट्टा सुरू होतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड गेले ते याच चंद्रपूरकडून. तथापि हौशी माणसाच्या हाती येणारे उत्तम सागवान पुष्कळदा जंगलातून येत नाही, ते जुन्या घरांतून येते. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत, म्हणजे लाकडी तक्तपोशीवर मातीचा जाड थर देऊन केलेल्या धाब्याच्या घरांत, छपराचा भार खांब आणि तुळया यांच्या सांगाड्यावर असतो. चार खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि घर किती मोठे हे खणांवरून सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात अशा घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे दगावली, परंतु भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिल्याचे अनेक ठिकाणी दिसून आले. त्यानंतर दगडामातीच्या घरांविषयी जी भीती बसली तिने, आणि पुढे सिमेंटच्या घरांच्या ओढीने, जुने वाडे उतरवण्याला वेग आला. नांदेडच्या गाडीपुरा, होळी, इतवारा अशा जुन्या वस्त्यांतही वाडा पाडला की त्याचे खांब, तुळया, चौकटी आणि दारे वखारीत किंवा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे पोहोचतात.

हे लाकूड हौशी सुताराला फार अनुकूल आहे, कारण कित्येक दशके छताखाली राहिल्याने ते पुरते वाळलेले असते आणि जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडाचे असल्याने त्याचे तंतू दाट असतात. पण हत्यारांच्या दृष्टीने ते कठोर परीक्षा घेते. त्यात मोडलेले लोखंडी खिळे असतात, पृष्ठभागावर माती, चुना आणि जुन्या रंगाचे थर असतात, आणि सागाच्या पेशींतच सिलिका, म्हणजे वाळूत असणारे द्रव्य, असल्यामुळे तो मुळातच धार लवकर बोथट करतो. सागावर काम करणाऱ्याला दर थोड्या वेळाने पटाशी पाजळावी लागते. यंत्राच्या पात्यांच्या टोकांवर टंगस्टन कार्बाइडचे तुकडे बसवलेले असले तर ती पोलादी पात्यांपेक्षा कितीतरी अधिक टिकतात. बाजारात त्यांना टीसीटी ब्लेड म्हणतात. जुन्या तुळईचा उपयोग करणाऱ्याने सर्वांत आधी घ्यावयाची वस्तू यंत्र नसून भिंतीतले लोखंड शोधणारा छोटा डिटेक्टर, जांबूर आणि तारेचा ब्रश ही आहे, हे सांगितले तर पुष्कळांना ते नीरस वाटेल. पण रंध्याच्या यंत्रात गेलेला एक खिळा सगळी पाती एकदम निकामी करतो.

लाकडाचा दुसरा स्वभाव हवेशी निगडित आहे. लाकूड हवेतील दमटपणानुसार पाणी शोषते आणि सोडते, आणि काही काळाने त्या हवेशी जुळणाऱ्या ओलाव्यावर स्थिरावते. या ओलाव्याला समतोल आर्द्रता म्हणतात. नांदेडमध्ये मे महिन्यात तापमान ४२ अंशांच्या आसपास जाते आणि दुपारची हवा अतिशय कोरडी असते, तर ऑगस्टमध्ये तीच हवा दमट होते. हवेची सापेक्ष आर्द्रता २५ टक्के असताना लाकडाची समतोल आर्द्रता ५ टक्क्यांच्या जवळ राहते आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के झाली की ती १५ टक्क्यांच्या वर जाते. साग हा या बाबतीत शांत स्वभावाचा मानला जातो. ओल्या अवस्थेपासून पूर्ण शुष्क होईपर्यंत तो वाढीच्या कड्यांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्यांना काटकोनात सुमारे २.५ टक्के आकसतो. तरीही कड्यांना समांतर चिरलेली ३०० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी घेतली आणि तिच्यातील ओलाव्यात ८ टक्क्यांचा फरक पडला, तर तिची रुंदी साडेचार मिलिमीटरच्या आसपास बदलते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला कपाटाचा दरवाजा श्रावणात उघडत नाही तो यामुळेच. भारतीय मानक ब्यूरोने आयएस २८७ या मानकात देशाचे हवामानानुसार चार विभाग करून कोणत्या कामासाठी लाकडात किती ओलावा चालेल हे ठरवून दिले आहे, त्यामागचे कारणही हेच.

या सगळ्याचा हत्यारांशी थेट संबंध आहे. रुंद फळी हलणारच हे मान्य केले की तिला चौकटीच्या खाचेत सैल बसवावे लागते, आणि जुन्या वाड्यांची दारे याच पद्धतीने केलेली आढळतात. म्हणजे ज्याला दिवाणखान्यात टिकणारी वस्तू करायची आहे त्याला सरळ खाच पाडणारे साधन, मग तो खाचेचा हातरंधा असो की विजेचा राउटर, फार लवकर लागते. उलट दोन हजार स्क्रू आवळणारा ड्रिल त्याच्या कामाचा केंद्रबिंदू कधीच होत नाही. ओलावा मोजणारे दोन सुयांचे छोटे मीटरही याच कारणाने उपयोगी पडते, कारण वखारीतली फळी वाळलेली आहे हे विकणाऱ्याच्या शब्दावर न सोडता तपासता येते.

धरणे, आखणे, धार

परंपरेने मराठवाड्यातला सुतार जमिनीवर बसून काम करतो आणि लाकूड पायाने दाबून धरतो. वाकसाने तासणे, पटाशीने खाच पाडणे, गिरमिटाने भोक पाडणे ही कामे तो या बैठकीत सफाईने करतो, कारण त्याचे शरीर लहानपणापासून त्याला सरावलेले असते. बाराबलुतेदारांतील या सुताराचे काम मुख्यतः बाभळीच्या लाकडातून शेतीची अवजारे घडवण्याचे होते: नांगर, तिफण, कुळव, गाडीची चाके. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला तेव्हापासून हे काम हळूहळू आटत गेले आणि गाडीला रबरी टायर आल्यावर चाकाचेही काम गेले. हत्यार सुधारले ते शेतकऱ्याचे, आणि त्याची किंमत मोजली ती सुताराने. त्या परंपरेतली बैठक मात्र साठीच्या प्राध्यापकाला झेपणारी नाही. त्याला उभे राहून काम करावे लागते, आणि उभ्याने काम करायचे तर लाकूड धरायला पाय उपलब्ध नसतात. म्हणून त्याची पहिली खरी सुधारणा म्हणजे भक्कम बाक.

बाक म्हणजे कामाचे टेबल, पण साधे टेबल येथे चालत नाही. रंधा मारताना सगळे बळ आडवे लागते, आणि हलणाऱ्या टेबलावर ते बळ फळीऐवजी टेबल हलवण्यात खर्च होते. जाड पाय, वजनदार माथा आणि बाजूला बसवलेला शेगडा, म्हणजे स्क्रूने आवळून लाकूड पकडणारे साधन, एवढे असले तरी जुन्याच रंध्याचे काम लक्षणीय सुधारते. जुन्या वाड्याच्या तुळया या कामासाठी उत्तम. त्यांचे वजन, जे फर्निचरमध्ये अडचणीचे होते, बाकात गुण ठरते. बाकाची उंची साधारणपणे उभ्या माणसाच्या मनगटापर्यंत ठेवतात, म्हणजे रंध्यावर अंगाचा भार देता येतो. शेकडो रुपयांचे स्टूल बिघडवत राहण्यापेक्षा महिनाभर खर्चून बाक करणे अनेकांना उलटे वाटते, पण जे करवतीला, पटाशीला आणि रंध्याला एकाच वेळी सुधारते असे दुसरे हत्यार नाही.

बाकानंतर आखणी येते. काटकोन तपासणारा गुण्या स्वतःच काटकोनात नसेल तर पुढची सगळी चूक तेथूनच सुरू होते, आणि स्वस्त गुण्यांमध्ये हा दोष पुष्कळदा आढळतो. तो ओळखण्याची रीत सोपी आहे: सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून एक रेघ मारावी, मग गुण्या उलटवून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारावी, दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा, आणि फाकल्या तर फाकलेल्या अंतराच्या निम्मी त्याची चूक. पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने आखलेली रेघ हीसुद्धा एक सुधारणाच आहे, कारण तिने लाकडाचे तंतू आधीच कापले जातात आणि पटाशीला टेकायला कड मिळते. कुसू आणि खाच यांचा जोड, म्हणजे एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ दुसऱ्यातल्या चौकोनी भोकात बसवण्याचा जोड, घट्ट बसतो की डगमगतो हे बहुतांशी या रेघेवर ठरते.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे धार. नवी पटाशी दुकानातून येते तेव्हा ती कापण्यास तयार नसते. तिची पाठ सपाट करून घ्यावी लागते, पात्याचा उतार सुमारे २५ अंशांचा राखून अगदी टोकाशी ३० अंशांची बारीक कड काढावी लागते आणि शेवटी चामड्यावर घासून ती चकचकीत करावी लागते. यासाठी दोन-तीन प्रतींचे निसणे, किंवा हिऱ्याच्या कणांचा थर दिलेल्या सपाट पट्ट्या, आणि कोन धरून ठेवणारा छोटा गाडा एवढे पुरते. नाशिकला सातपूरमध्ये कारखाना असलेली टपारिया, पंजाबातील जालंधरचे अनेक उत्पादक, राजस्थानातील नागौरचे कारागीर यांच्यामुळे भारतात हातहत्यारांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो हत्यार विकत घेतल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांच्या मेहनतीचा. एक बोथट पटाशी बाजूला सारून महागडी दुसरी घेणारा माणूस सहा महिन्यांनी पुन्हा त्याच जागी येतो.

लोखंडी रंध्याची गोष्ट या संदर्भात उद्बोधक आहे. आज जगभर वापरला जाणारा, चाकाने पाते खाली-वर करता येणारा रंधा अमेरिकेतील लिओनार्ड बेली याच्या एकोणिसाव्या शतकातील शोधांतून आला. स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये त्याचे हक्क घेतले, आणि ४ नंबरचा, ५० मिलिमीटर रुंद पात्याचा रंधा हा त्याचा सर्वांत रूढ नमुना. त्याच्या पात्यावर चिपब्रेकर नावाची दुसरी पट्टी स्क्रूने आवळलेली असते. तिचा खरा उपयोग काय याविषयी फार काळ मतभेद होते. जपानमधील यामागाता विद्यापीठातील काटो आणि कावाई या संशोधकांनी पाते लाकडातून जातानाचे सूक्ष्मदर्शकी चित्रण करून दाखवले की ही पट्टी धारेच्या अगदी जवळ, मिलिमीटरच्या दशांशाइतक्या अंतरावर, ठेवली तर ढलपी वेळेवर मोडते आणि उलट्या तंतूंचे लाकूड उचकटत नाही. म्हणजे जो दोष घालवण्यासाठी लोक दुप्पट-चौपट किमतीचा रंधा घेतात तो पुष्कळदा आहे त्याच रंध्यातली एक पट्टी सरकवून जातो. गाठीगाठींच्या जुन्या सागावर तर हा उपाय विशेष लागू पडतो.

विजेची यंत्रे

एवढे झाल्यावरच यंत्रांचा विचार रास्त ठरतो, आणि त्यांत सर्वप्रथम सांगावयाची गोष्ट निषेधाची आहे. दगडाच्या फरश्या कापण्यासाठी बनवलेल्या मार्बल कटरला लाकडाचे दातेरी पाते लावायचे, आणि कधी कधी तोच कटर प्लायवूडच्या फळीखाली उलटा आवळून त्याचे कापण्याचे टेबल करायचे, ही पद्धत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की तीत काही गैर आहे असे कुणाला वाटत नाही. हे यंत्र साधारण ११० मिलिमीटरचे पाते मिनिटाला १२-१३ हजार फेऱ्यांच्या गतीने फिरवते. १३ हजार फेऱ्या धरल्या तर दातांचा वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर होतो. दगड कापणारे पाते दाते नसलेले असते, ते लाकडाच्या दातेरी पात्यासारखे धरून ओढत नाही. म्हणून त्या यंत्राला लाकूड कापताना लागणारी संरक्षक साधने दिलेलीच नसतात. लाकूड कापताना चिरलेल्या फटीच्या दोन बाजू मिटल्या तर त्या पात्याला मागून पकडतात आणि यंत्र किंवा फळी माणसाच्या दिशेने फेकली जाते. याला किकबॅक म्हणतात. चांगल्या टेबल सॉमध्ये पात्याच्या मागे फट उघडी ठेवणारी पोलादी जीभ असते ती याचसाठी. हौशी माणसाच्या कारखान्यात एखादे हत्यार आधी बाद करायचे असेल तर ते हे होय, आणि त्याच्या जागी काहीही न घेता हातकरवत वापरणे हीसुद्धा सुधारणाच ठरेल.

त्यानंतरचे मोठे यंत्र कोणते, याबाबत परदेशी पुस्तके बहुधा टेबल सॉचे नाव घेतात. तेथे वाळवलेल्या, जवळपास सपाट फळ्या बाजारात मिळतात आणि त्या सरळ चिरणे हेच मुख्य काम असते. मराठवाड्यात जुनी तुळई किंवा जाड चौकट हाती येते आणि तिच्या फळ्या काढायच्या असतात, म्हणून येथे बँडसॉ अधिक उपयोगाचा वाटतो. बँडसॉ म्हणजे दोन चाकांवरून फिरणारे अखंड पट्टीसारखे पाते असलेले करवतयंत्र. त्याचे पाते लाकडाला खाली टेबलाकडे दाबते, त्यामुळे फळी उलटी फेकली जाण्याचा धोका नसतो, फट बारीक पडते म्हणून जुन्या सागाचा भुसा कमी होतो, वाकडे आकारही कापता येतात, आणि चुकून एखादा खिळा लागलाच तर नुकसान एका पट्टीपुरते राहते. बोटे मात्र तेही कापते. अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये शोधलेल्या सॉस्टॉप यंत्रणेत पात्याला त्वचेचा स्पर्श होताच काही सहस्रांश सेकंदांत पाते थांबते, पण ती टेबल सॉसाठी आहे आणि महाग आहे. आपल्याकडे बोटांची राखण अजून मुख्यतः ढकलकाठी आणि सावधपणा यांवरच आहे.

बँडसॉने काढलेली फळी खडबडीत असते, आणि येथे कष्टाचा दुसरा मुद्दा पुढे येतो. दहा-बारा फळ्या हातरंध्याने एका जाडीवर आणणे हे काम सुंदर नाही, ते नुसते दमवणारे आहे, आणि छंद सोडून देणाऱ्यांपैकी बरेच जण याच टप्प्यावर सोडतात. दुकानात मिळणारा ८२ मिलिमीटर रुंदीचा हातातला विजेचा रंधा दाराची कड तासायला ठीक, पण रुंद फळीवर तो पायऱ्या पाडतो. फळी आत सरकवून तिची वरची बाजू खालच्या बाजूला समांतर तासणारे जाडी-रंधायंत्र हा यावरचा खरा उपाय. त्याचा एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे: वाकलेली फळी आत घातली तर ती वाकलेलीच, फक्त पातळ होऊन बाहेर येते. एक बाजू आधी हातरंध्याने सपाट करून मगच ती यंत्रात द्यावी लागते. म्हणजे यंत्र आले तरी रंधा हातातून सुटत नाही, त्याचे काम निम्म्यावर येते इतकेच.

यंत्रांबरोबर विजेचा विचार अपरिहार्य आहे. घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आणि एक फेजचा असतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. दोन अश्वशक्तीची मोटर चालू असताना साधारण १० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते, पण सुरू होतानाच्या क्षणी तो पाच-सात पट होतो. त्यामुळे अशा यंत्राला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, पुरेशा जाडीची वायर, खरे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे आरसीसीबी लागते. खोलीतल्या पंख्याच्या बोर्डातून लांब, बारीक एक्स्टेंशन काढून चालवलेली मोटर दाब कमी पडल्याने तापते आणि जळते, आणि दोष यंत्राला दिला जातो. परदेशातील मुलाकडून किंवा भावाकडून आणवलेल्या यंत्रांची गत याहून अवघड. अमेरिकेचा पुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, म्हणून इंडक्शन मोटरचे यंत्र येथे सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि अधिक तापते. ब्रश असलेल्या मोटरच्या छोट्या हत्यारांना हर्ट्झचा हा फरक फारसा जाणवत नाही. मोठे यंत्र प्रत्यक्ष पाहून घ्यायचे तर नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडते. तेथील राणीगंजचा बाजार अशा मालासाठी प्रसिद्ध आहे.

धुळीसाठी केलेल्या खर्चाचे कौतुक कुणी करत नाही, पण यंत्रे आली की तो टाळता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात केला. नाक आणि त्याभोवतीच्या पोकळ्या यांचा कर्करोग तिच्याशी निगडित आहे. हातरंध्याच्या ढलप्या निरुपद्रवी असतात, त्रास होतो तो यंत्रांतून, आणि विशेषतः पॉलिशपेपरच्या यंत्रातून, निघणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीचा. जुन्या दारांवरच्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून तो रंग कोरडा घासून काढू नये. यंत्राच्या तोंडाशी लावलेला धूळ ओढणारा पाइप, चांगला मास्क आणि पोर्चसारखी उघडी जागा यांचा एकत्रित उपयोग होतो. बंद खोलीत फक्त पंखा लावल्याने धूळ जात नाही, ती घरभर फिरते. पावसाळ्यात यंत्रांच्या बिडाच्या माथ्यांवर एका रात्रीत गंज चढतो, त्यासाठी मेण चोळून ठेवतात. खाण्याचे तेल लावले तर ते काही दिवसांत चिकट होऊन वर भुसा बसतो.

या सर्व खरेदीत एक प्रकारची हत्यारे राहून जातात, जी दुकानात नसतात कारण ती कारखान्यातच करायची असतात: लाकडी हातोडा, करवत सरळ चालावी म्हणून केलेला आडवा ठोकळा, फळीचे टोक काटकोनात तासण्याची पाटी, आणि रंधासुद्धा. रशियात जन्मलेले अमेरिकन कारागीर जेम्स क्रेनोव्ह (१९२०–२००९) यांनी आपल्या लिखाणातून लाकडी रंधा घरी करण्याची सोपी रीत लोकप्रिय केली. अखंड ठोकळा पटाशीने कोरण्याऐवजी तो उभा चिरून दोन गाल आणि मधला भाग वेगळे करायचे, मधल्या भागात पात्यासाठी ४५ अंशांचा उतार कापायचा आणि सगळे पुन्हा चिकटवायचे. बँडसॉ असलेल्याला हे दोन दिवसांचे काम आहे. खेड्यांतून बंद पडलेल्या सुतारकामाच्या पेट्यांत जुनी, जाड पाती अजून सापडतात. त्यांचे लाकडी घर वाळवीने खाल्लेले असते, पोलाद मात्र बहुधा शाबूत असते. गंज काढून, पाठ सपाट करून असे पाते बाभळीच्या किंवा शिसवाच्या नव्या ठोकळ्यात बसवले, की पात्यापुढचे तोंड हव्या तितक्या बारीक फटीचे ठेवता येते, जे विकतच्या स्वस्त लोखंडी रंध्यात सहसा जमत नाही. बाभूळ यासाठी घ्यायची तर ती निदान दोन उन्हाळे सावलीत वाळलेली असावी, आणि तळ पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा पुन्हा सपाट करून घ्यावा लागतो.